डाव्या बाजूचा आवाज

यंत्राचा प्लग काढला की माझी आत्या लगेच यंत्राच्या आत हात घालत नसे. प्लग स्वतःला दिसेल असा टेबलावर ठेवायची, खुर्ची मागे सरकवायची आणि चहा टाकायला उठायची. "विजेला झोप लागायला वेळ लागतो," असं तिचं म्हणणं. चहा संपेपर्यंत कुणी फारसं बोलत नसे. मागच्या खोलीच्या खिडकीतून दुपारचं ऊन तारांच्या भेंडोळ्यांवर आणि स्क्रूंच्या डब्यांवर पसरायचं. त्यात धुळीचे कण इतके संथ तरंगत असायचे, की ती सबंध खोली पाण्याखाली आहे असं मला वाटायचं.

आत्याने सत्तावीस वर्षं रेडिओच्या कारखान्यात तारा जोडायचं, डाख द्यायचं काम केलं. वयाच्या बाविसाव्या वर्षी तिने एका बंद सेटमध्ये हात घातला. प्लग काढलेला होता, पण आतल्या कपॅसिटरने वीज पोटात धरून ठेवली होती. ती दोन हात लांब जाऊन पडली. वाचली, पण डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कायमची बधिर झाली. तेव्हापासून चालू यंत्राला मीटर लावताना तिचा डावा हात पाठीमागे असायचा, म्हणजे झटका बसलाच तर तो छातीतून आरपार जायला नको. गल्लीतले लोक म्हणायचे, एका हाताने टाळी वाजत नाही, पण हिच्या एका हाताने गाणी वाजतात. पुढे कारखाना बंद पडला. लग्न तिने केलंच नव्हतं. माझ्या वडिलांनी तिला घरातली मागची खोली दिली आणि तिथे तिचं दुरुस्तीचं काम सुरू झालं.

त्या दिवशी मला सुट्टी होती. कोपऱ्यावरचा घड्याळजी चादरीत गुंडाळलेला अँप्लिफायर पोटाशी धरून आला. सत्तरीचा माणूस, बारीक अंगाचा. ओझ्याने धाप लागली होती.

"बाई, याला वास येतोय," तो म्हणाला. "जळल्याचा. आणि मध्येच घुमतो."

"चालू असताना आला वास?"

"हो."

"मग लगेच बंद केलात ना?"

घड्याळजी खाली बघू लागला. "गाणं संपल्यावर केला."

आत्याने एक सुस्कारा सोडला आणि चहा टाकला.

चहा पिता पिता तो थोडं थोडं बोलला. हे यंत्र त्याने लग्नानंतर वर्षभराने जुन्या बाजारातून आणलं होतं. दोन महिने रोज जाऊन पाहून, पारखून, मग घेतलेलं. बायको माहेराहून रेकॉर्डची एक पेटी घेऊन आली होती, तिच्यासाठी. बायको जाऊन आता दीड वर्ष झालं होतं. पेटीतली एकच रेकॉर्ड तो रोज लावायचा.

कप बाजूला झाले. आत्याने झाकणाचे स्क्रू काढले. मग आत उरलेली वीज हळूहळू उतरावी म्हणून दोन लांब दांड्यांना जोडलेला एक रेझिस्टर घेऊन तिने मोठ्या कपॅसिटरच्या दोन टोकांना टेकवला आणि मनातल्या मनात आकडे मोजत राहिली. घाई झालेले लोक इथे स्क्रूड्रायव्हर आडवा टाकतात आणि ठिणगी पाडतात, तिला त्याची चीड होती. नंतर मीटर लावलं. काटा झोपेला आलेल्या माणसाच्या पापणीसारखा हळूहळू खाली आला आणि शून्यावर टेकला. तेव्हा कुठे तिचं बोट आत गेलं.

ते थेट फ्यूजवर थांबलं. फ्यूजभोवती चांदीचा कागद गुंडाळला होता.

"हे कुणी केलं?"

"मीच. फ्यूज उडाला होता, नवा मिळेना. बिस्किटाच्या पुड्याचा कागद होता घरात."

"घड्याळजी, फ्यूज म्हणजे दारावरचा राखणदार. तुम्ही त्याला झोपेची गोळी दिलीत. घर पेटलं असतं."

आयुष्यभर केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्याने उचलणारा माणूस, त्याला स्वतःच्याच कामाची लाज वाटलेली दिसत होती.

एक कपॅसिटर डोक्यावर फुगला होता. वास त्याचाच. आत्याने त्याच मापाचा नवा घेतला, अधिक-उणे दोनदा ताडून पाहिलं, डाख दिला. योग्य मापाचा फ्यूज घातला. तरीही प्लग सरळ भिंतीत घातला नाही. मध्ये तिचा सिरीज बल्ब आला, लाकडी पाटीवर बसवलेला साधा पिवळा बल्ब. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटून राहतो आणि यंत्र वाचतं. बल्ब एकदा लख्ख झाला, मग मंदावत मंदावत नुसती तार लालसर राहिली.

"शांत आहे," आत्या म्हणाली. मग एक हात पाठीमागे ठेवून तिने स्पीकरच्या टोकांवर मीटर धरलं. तिथे नको असलेली वीज येत नाही अशी खात्री झाल्यावर तिने दोन जुने, मोडके स्पीकर जोडले. चांगले स्पीकर आधी कधीच नाहीत. मग आपल्या रेकॉर्ड प्लेयरवर स्वतःची एक रेकॉर्ड लावली.

उजवा वाजला. डावा मुका.

तिने मागच्या तारांची अदलाबदल केली, स्पीकर बदलून पाहिले. काही केलं तरी डावी बाजूच मुकी राहिली, म्हणजे दोष यंत्राच्या आतच होता. पुन्हा प्लग बाहेर, पुन्हा चहा, पुन्हा काटा शून्यावर. स्पीकर जोडणारा एक छोटा रिले आत होता. त्याचा डाव्या बाजूचा संपर्क काजळीसारखा काळा पडला होता.

"हे आजकालचं नाही," ती म्हणाली. "किती वर्षं झाली असतील कोण जाणे. डाव्या स्पीकरमधून तुम्ही कधी काही ऐकलंत?"

घड्याळजीने आठवून पाहिलं. "त्याच्यावर हिची कुंडी असायची. मला वाटायचं, तो नुसता जोडीला असतो."

नवा रिले दुसऱ्या दिवशी मिळाला. घड्याळजी दुपारी आला तो कागदात गुंडाळलेली आपली रेकॉर्ड घेऊनच. आत्याने ती लावली. उजवीकडून एका बाईचा आवाज आला, एक ओळ म्हणून थांबला. आणि त्या थांबलेल्या जागेत, डावीकडून, एका पुरुषाने शब्दांवाचून नुसतं गुणगुणत उत्तर दिलं.

घड्याळजी उभाच राहिला.

"हा कोण?" त्याने विचारलं.

"गाण्यातलाच आहे. तो डाव्या बाजूला होता, तुमच्यापर्यंत पोहोचत नव्हता."

"नाही. इथे गाणं थांबतं. ती बाई थांबते आणि..." त्याने सुईकडे बोट केलं. "आणि ही गुणगुणायची. स्वयंपाकघरातून. एवढी वर्षं. ही गेल्यावर ती जागा मी मोकळी ऐकत होतो. तिथे हा माणूस मला नको. बाई, होतं तसं करून द्या."

आत्याने रेकॉर्डवरून सुई उचलली. नीट केलेलं यंत्र बिघडवून द्या, असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. थोड्या वेळाने तिने पुढच्या बाजूची, आवाज डाव्या-उजव्या बाजूंना वाटणारी एक बारकी खुंटी त्याला दाखवली. "ही उजवीकडे पूर्ण फिरवा, की तुमचं गाणं पहिल्यासारखं. मधे आणा, की सगळं. मी काहीच मोडत नाही. तुम्हाला हवं तसं तुम्ही ठरवा."

त्याने खुंटी उजवीकडे फिरवली, सुई पुन्हा ठेवायला लावली, मोकळी जागा ऐकली आणि यंत्र चादरीत गुंडाळून घेऊन गेला.

तीन आठवड्यांनी त्याचा निरोप आला, दोघी घरी या. मी आत्याबरोबर गेले. दुकानामागेच त्याची खोली होती. भिंतीवर वीस-बावीस घड्याळं, प्रत्येकाची टिकटिक निराळी, आणि सगळी मिळून लांबवर कुणीतरी चालत असल्यासारखा आवाज. डाव्या स्पीकरवर कुंडीच्या बुडाचा गोल डाग होता. कुंडी आता खिडकीत गेली होती.

"रोज एक दात फिरवला," तो खुंटीकडे बोट दाखवून म्हणाला. "चाकाचा असतो ना, तेवढाच. आधी तो माणूस शेजारच्या घरात गात होता. मग दाराबाहेर. परवा आत आला."

"मग?"

"मग कळलं, ही जे गुणगुणायची ते हेच. सूर न् सूर हेच. जिथे तो श्वास घेतो तिथे हीसुद्धा घ्यायची." तो खुर्चीत बसला. "तिच्या माहेरची रेकॉर्ड ती. तिथे तिने पूर्ण गाणं ऐकलेलं असणार. म्हणजे मी यंत्र आणलं त्या पहिल्याच दिवशी तिला कळलं असेल, की अर्धं गाणं गेलंय. आणि मला कधी बोलली नाही."

आत्याने स्पीकरवरच्या डागावरून बोट फिरवलं. "तुम्ही दोन महिने पारखून आणलं होतंत ना ते?"

"हो. येईल-जाईल त्याला कौतुक सांगायचो."

"मग कशी बोलेल?"

घड्याळजी हसला, आणि हसता हसता त्याने चष्मा काढून डोळे पुसले. बाहेर ऊन उतरत होतं. खोलीतल्या काचांवर, लंबकांवर पिवळा उजेड हलत होता, आणि त्या दोघांचं ते गाणं आम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. घड्याळजी हळूच गुणगुणत होता, बायकोची बाजू. सूर त्याला फारसा जमत नव्हता.

निघताना त्याने पेटी उघडून दाखवली. आत आणखी चाळीसएक रेकॉर्ड होत्या. "यातल्याही सगळ्यांचा अर्धा भाग मी ऐकलेला नाही," तो म्हणाला. "एकट्याने ऐकायला भीती वाटते."

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी आत्या तिकडे जाऊ लागली. दोघं एका बैठकीला एकाच रेकॉर्डची एकच बाजू ऐकायचे, मग बराच वेळ नुसते बसून राहायचे. पेटी संपायला जवळजवळ वर्ष लागलं. संपल्यावर काय करणार, असं मी आत्याला विचारलं, तर ती बूट घालता घालता म्हणाली, "अगं, आता दुसऱ्या बाजू आहेत की."