ठकीच्या पाठीमागची बाई

आमच्या ठकीची फिजिओताई पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत खुपते. सांगूनच टाकते, मनातल्या मनात किती कुढायचं?

ठकी पाच वर्षांची. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि सेरेब्रल पाल्सी झाली. पाय ताठ, टाचा जमिनीला टेकत नाहीत. इतकी वर्षं मी तिला अंगाखांद्यावर वागवलं, आणि ही बाई आली आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला! मी म्हटलं, "ठके, पाय लांब कर," की भोकाड. ताईनं नुसतं "चला राणीसरकार" म्हटलं की बया लगेच तयार. घरी आल्यावरही ताई असं म्हणते नि ताई तसं म्हणते. तिच्या बापाला हसू येतं, माझ्या पोटात दुखतं.

बाई तरी काय, रूप ना रंग. केस कसेबसे बांधलेले, विजार गुडघ्यांवर झिजलेली, चाकांच्या बुटक्या स्टुलावर बसून बसून कंबर धरलेली. तिची एक रीत आहे, मुलाच्या पुढे कधी यायचं नाही. कायम मागे. दोन्ही हात मुलाच्या कंबरेशी, मूल पुढे सरकलं की स्टूलही मागोमाग. मी घरी ठकीला समोरून हात धरून चालवायचे. एकदा तिच्या दवाखान्यातही तसंच चालवलं, ते तिनं पाहिलं.

"आई, ती तुमच्या हातांवर लोंबकळतेय. पायांवर भार कधी येणार?"

कंबरेला कसं धरायचं ते शिकवलं, आणि मला समोरच्या बाकावर बसवून हाक मारायलाही बंदी केली! हाकेनं पोरगी हरखते आणि पाय आणखी ताठतात म्हणे. माझ्याच लेकीला मी हाक मारायची नाही. वा गं वा!

परवा ताईनं हात सोडले. मी ओठ दाताखाली धरून गप्प. ठकी डगमगली, सावरली, पावलं टाकत आली आणि माझ्या मांडीवर कोसळली. रडता रडता मला वाटलं, बघ म्हणावं आता, कुणाकडे आली ते!

मान वर केली तर ताई स्टुलावरच बसलेली.

"हसत होती का हो?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"मला पाठच दिसते ना. सगळ्याच मुलांची. पहिल्यांदा चालतात तेव्हा चेहरा आयांनाच दिसतो. हेवा वाटतो हो तुमचा."

घ्या! मी हिच्यावर जळतेय, नि ही माझ्यावर.

"उठा," मी म्हटलं, "बाकावर बसा जाऊन. आणि हाक मारायची नाही, सांगून ठेवते."

मी स्टुलावर बसले. ठकीच्या कंबरेला हात लावले. पोरगी थरथरत होती. समोर ताई तोंडावर हात दाबून बसलेली. अगदी जिवावर आलं माझ्या, खोटं कशाला बोलू. पण सोडले हात.

ठकी तिच्याकडे निघाली. हसत होती का, ते मला ताईला विचारावं लागलं.