पायलीला हात

अमरावतीच्या बाजारातल्या धान्याच्या शेटनं मला फसवलं, आणि मी माझ्याच महारवाड्यातल्या गंगू मावशीला फसवलं. धान्य मापायची पायली दोन्हीकडे खरी होती. शिक्का मारलेली.

त्या सालांत कापसाला सोन्याचा भाव आला होता. दूर कुठल्या मुलखात लढाई चालली होती म्हणे, आणि विलायतेला कापूस पुरत नव्हता. भातकुलीकडच्या ज्या काळ्या रानात ज्वारी उभी असायची, तिथंही सरकी पेरली गेली. खायची ज्वारी महागली. मी गठ्ठे वाहणारा माणूस. अकोल्याच्या कापूसबाजारात दोन हंगाम भांडून मजुरी वाढवून घेतली, एक म्हातारा बैल घेतला, आणि अमरावतीहून ज्वारी आणून वाड्यात विकू लागलो.

शेटच्या दुकानाच्या पायरीखाली मी घोंगडी पसरायचो. तो सुपानं पायली अलगद भरायचा, वरून बोट फिरवायचा आणि उभ्यानंच ओतायचा. दाणे मातीत उडायचे. मी ते वेचायचो. एकदा म्हणालो, "जोहार मायबाप. पायली जरा हालवा नं."

"तुलेच हालवतो! दूर राय. तुहा हात लागला तं माप बाटते."

लोक हसले. एक जण म्हणाला, "याले आता चांदीच्या पायलीनं द्या, शेट. कापसाचा पैसा बोलून रायला."

माझ्यामागून एक पाटील आला. त्यानं स्वतः पायली धरली आणि गुडघ्यानं दोनदा ठोकली. ज्वारी खाली बसली. शेटनं हसत हसत वर भर घातली. त्याच पायलीत.

घरी माझ्याकडे अकोल्याहून आणलेली पायली होती. तीत मी तसंच करून पाहिलं. अलगद भरली. काठोकाठ. मग दोनदा ठोकली. ज्वारी एक बोट खाली. वर दोन मुठी मावल्या. सगळी ओतली, पुन्हा भरली. पुन्हा दोन मुठी. माप तेवढंच, दाणा तोच. दाण्यादाण्यांमधली पोकळी मी विकत आणत होतो.

मला संताप यायला हवा होता. आला. पण त्याच्या आधी अक्कल आली. हे सांगताना आजही मान खाली जाते. दुसऱ्या दिवसापासून मी वाड्यात पायली अलगद भरू लागलो.

गंगू मावशीनं मला लहानपणी भाकरी घातलेली. ती आणि तिची सून कापूस वेचायला जात. सुनेच्या अंगावर तान्हं पोर. एक दिवस मावशी म्हणाली, "आठ दिवसांची ज्वारी, अन् सातव्याच दिवशी मडकं रिकामं. खाणारे तेवढेच. मंग असं कावून होते गा?"

"तुही सून चोरून खात असन," मी म्हणालो. हसलोसुद्धा.

मावशीनं ते खरं धरलं. सुनेची अर्धी भाकर कमी केली. अंगावरचं दूध आटलं. पोर दिवसभर किरकिरायचं, आणि ते माझ्या घरापर्यंत ऐकू यायचं. तरी मी पंधरा दिवस गप्प राहिलो.

त्यानंतरच्या मापाला सूनही सोबत आली. मावशीनं सहज पायलीच्या काठावर हात ठेवला, आणि माझ्या तोंडून निघालं, "मापाले हात नको लावू!"

मावशीनं हात झटक्यात मागं घेतला. मी शेटपुढे घ्यायचो तसा.

सून पुढे आली. "भाऊजी, आमचा हात लागला तं तुमचं माप बाटते का?"

ती खाली बसली. पायली धरली. दोनदा ठोकली. ज्वारी एक बोट खाली गेली. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. सासूकडे पाहिलं.

मी वाड्यातल्या सगळ्यांना बोलावलं आणि काय करत होतो ते सांगितलं. पोतं तिथंच मोकळं केलं. ज्याचं जेवढं तुटलं होतं तेवढं त्यानं न्यावं. लोक शिव्या देत घेऊन गेले. मावशीनंही नेलं, मुठी मोजून. माझ्याशी ती त्यानंतर बोलली नाही. तिचं बरोबर आहे. ज्वारी परत देता आली. त्या पंधरा दिवसांचं दूध कुठून आणू?

पुढच्या बाजारी मी शेटची पायरी चढलो. भरलेली पायली दोन्ही हातांनी धरली आणि सगळ्यांदेखत ठोकली. एक बोट खाली. शेटच्या माणसांनी मला काठ्यांनी पायरीवरून लोटलं. पायलीवर गोमूत्र शिंपडलं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तीच पायली अलगद भरून दिली.

शेट, मी माझ्या वाड्यात उभा राहून जबाब दिला. आता तुम्ही द्या, भर बाजारात. पाटलाच्या पायलीत ज्या दोन मुठी मावतात, त्या आमच्या पायलीतून कुठं जातात? जबाब मिळेपर्यंत मी दर बाजारी येईन आणि तुमच्या मापाला हात लावीन. बोला.