घरी इंग्रजी बोलल्याची टिक

मुलगी दुसरीत गेली तेव्हापासून दर शुक्रवारी शाळेतून एक कागद घरी यायला लागला. त्याला वीकली शीट म्हणायचे. आठवड्याचे दहा शब्द, एक पाढा, वाचायचं एक पान, आणि सगळ्यात खाली सात चौकोन. त्यांच्यावर इंग्रजीत लिहिलेलं असायचं, ‘आज मी घरी इंग्रजीत बोललो.’ पालकांनी रोज एक टिक करायची, शेवटी सही करायची आणि पुढच्या शुक्रवारी कागद परत पाठवायचा.

पहिले दोन महिने मी शुक्रवारी सकाळी डबा भरता भरता सातही चौकोनांत एका दमात टिक करून टाकायचे. आमच्याकडे इंग्रजी बोलणार कोण? नवरा अंबरनाथच्या एमआयडीसीत शिफ्टला. मी उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या कारखान्यात चेकिंगला. कंबर मोजायची, शिलाई बघायची, लोंबणारे धागे कापायचे. तिथे दिवसभर हिंदी, मध्ये मध्ये सिंधी. घरी सासूबाई. त्या इथल्याच, पालेगावच्या, शेतीवाल्या घरातल्या. शाळेची पायरी न चढलेल्या. पण माझ्या मुलीचा बेचा पाढा त्यांनीच पक्का करून घेतला होता. वालाचे दाणे ताटात दोन-दोन मांडायच्या आणि म्हणायच्या, “आता मोज.” शीटवर त्या कामासाठी चौकोन नव्हता.

एका संध्याकाळी मी कामावरून आले तर सासूबाई दारातच उभ्या.

“काय झायलं गो पोरीला? शाळेतून आल्यापासून माझेशी बोलत नाय.”

पोरगी पलंगावर ओठ घट्ट मिटून बसलेली. मी कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. कुणी मारलं का विचारलं, तर मान हलवून नाही म्हणाली. शेवटी माझा कान ओढून त्यात पुटपुटली, “टीचर म्हणाल्या, घरी मराठी बोललं तर टिक खोटी होते. आजीला इंग्लिश येत नाही, म्हणून मी गप्प बसले. गप्प बसलं तर टिक चालते ना?”

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. सात वर्षांची पोर, दुपारी एकपासून आजीसमोर मुकी बसून होती. आजीने भाकरी वाढली, केस विंचरले, शेजारी बसून दहा प्रश्न विचारले, आणि ही तोंड उघडेना. कशासाठी? तर आईने केलेली खोटी टिक खरी व्हावी म्हणून! शाळेचा राग आलाच, पण त्याआधी स्वतःचा आला. तो खोटेपणा माझ्याच पेनातून उतरला होता.

“जा, आजीशी बोल. पोटभर बोल,” मी म्हटलं. तिने एकदा शीटकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग आजीच्या मांडीत तोंड खुपसून रडली. सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही की त्यांचं काय चुकलं. मी सांगितलंही नाही. काय सांगणार होते? की तुमच्याशी बोलल्यावर पोरीचे मार्क जातात?

त्या आठवड्यात मी सातही चौकोनांत फुल्या मारल्या आणि सही केली.

शुक्रवारी पोरगी घरी आली ती गालावर चांदणीचा स्टिकर न लावता. टिका पूर्ण असल्या की टीचर चांदणी लावायच्या; सगळ्यांना मिळाली, हिला नाही. वर आख्खा तास मागे उभी केली होती. “टीचर म्हणाल्या, माझी मम्मी इंटरेस्ट घेत नाही.”

सोमवारी मी हाफ डे टाकला आणि तडक शाळेत गेले. टीचर तरुण होती, आवाज बसलेला, हातात वह्यांचा गठ्ठा.

“देखिए मम्मी,” तिने सुरुवात केली.

“मराठीत बोला,” मी म्हटलं. “तुम्हालाही येते, मला माहितेय.”

ती दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाली, “ताई, तिथे टिक करायची असते. सगळे करतात.”

“खोटी?”

“आता रोज कोण घरी बघायला येणार आहे?”

“माझी मुलगी बघते. तिने खरं मानलं. खरं मानलं म्हणून आजीशी बोलायची बंद झाली. आणि मी खरं लिहिलं तर तुम्ही तिला उभी केली. खरं लिहिणारी मी, शिक्षा तिला?”

माझा आवाज चढला होता. शाळेच्या सुपरवायझर मॅडम बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे एकच वाक्य टाकलं, “इंग्लिश मीडियम तुम्हीच निवडलंत ना?”

ते खरं होतं. कारखान्यात परदेशी ऑर्डरची लेबलं वाचता येत नाहीत म्हणून मी कितीतरी वर्षं धागेच कापतेय, आणि माझ्यानंतर आलेली मुलगी पॅकिंगची इनचार्ज झाली. म्हणून निवडलं. पण मी पोरीसाठी इंग्रजी मागायला आले होते. तिची मराठी विकायला आले नव्हते. हे वाक्य मला तेव्हा सुचलं नाही. परतताना शेअर रिक्षात तिघांच्या मध्ये चेपून बसल्यावर सुचलं, आणि आणखीच चीड आली.

एवढं मात्र मी निघताना बोलले होते, “परत तिला उभी केलीत तर मी पण वर्गात तिच्या शेजारी येऊन उभी राहीन.” टीचरने मान खाली घातली. परत उभी केली नाही. चांदणीही दिली नाही.

त्यानंतर मी रोज स्वयंपाक झाल्यावर अर्धा तास पोरीजवळ बसायला लागले. दहा शब्द आम्ही दोघी शिकायचो. ती स्पेलिंग घडाघडा म्हणायची, पण अर्थ विचारला की कोरी. शाळेत अर्थ कुणी सांगितलाच नव्हता. मग मी मोबाईलवर शोधायचे, आणि ती तो आजीला मराठीत समजावून सांगायची. आजीला समजला तरच शब्द झाला, असा नियम तिनेच काढला. चौकोनात मी टिकही करत नव्हते आणि फुलीही मारत नव्हते. ‘अर्धा तास’ असं लिहायचे, मराठीत.

वर्षाच्या शेवटी चांदण्या मोजून सर्टिफिकेटं वाटली. मी मागच्या रांगेत बसले होते. आजूबाजूच्या आया फोटो काढत होत्या. त्यांतल्या दोघींनी आदल्या महिन्यात गेटवर मला हसत सांगितलं होतं, “अगं, टिक कर ना, काय जातं तुझं?” मी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या मुलीने मात्र मैत्रिणीचं नाव आल्यावर जागेवरून उठून वाजवल्या.

आता ती तिसरीत आहे. टीचर बदलल्या, शीट तेच. सात चौकोनही तेच, फक्त त्यांच्याखाली पालकांच्या अभिप्रायासाठी दोन ओळी वाढवल्यात. पहिल्याच शुक्रवारी मी लिहायला बसले. आजी, फुल्या, अर्धा तास, सगळं दोन ओळींत मावेना, म्हणून कागद उलटा केला आणि मागची आख्खी बाजू भरून काढली.