गुलाबी कार्ड आणि यूफ्रासिया

यूफ्रासिया चिडली की तिच्या तेहातेला फेस जास्त येतो, असं मेक्सिकोतल्या त्लाकोलुला गावच्या रविवारच्या बाजारात म्हणतात. मक्याचं आणि कोकोचं ते गार पेय ती तीस वर्षं कोपरापर्यंत हात घालून घुसळत आली. त्या रविवारी फेस परातीबाहेर चालला होता.

राग होता तो ॲप्रनच्या खिशातल्या गुलाबी कार्डाचा. साखर जास्त असेल त्या प्रत्येक पुड्यावर काळा ठसा छापायला लावणारा कायदा व्हावा, म्हणून राजधानीतली एक संस्था सह्या गोळा करत होती. संस्थेच्या हिमेनाने बायकांना कार्डं वाटली होती. कार्ड वाचून दाखवायचं, मग सही मागायची. शब्द इकडचा तिकडे करायचा नाही.

यूफ्रासिया हे काम फुकट करायची ती नवऱ्यासाठी. अबुंदिओ गालिचे विणायचा, आणि माग पायांनी चालवावा लागतो. मधुमेहाने उजवा पाय गेला आणि माग बंद पडला. कोला तर तिने भांडून केव्हाच सोडवला होता. त्याऐवजी रोज पेरूच्या रसाची दोन खोकी मागापाशी नेऊन द्यायची. खोक्यावर पेरूच्या फांदीचं चित्र, खाली 'नैसर्गिक' असं छापलेलं. त्यातही कोलाइतकीच साखर असते, हे पाय गेल्यावर डॉक्टरने तिला एकटीला सांगितलं. रस तिने तेव्हाच बंद केला, पण का ते चार वर्षं नवऱ्याला सांगितलं नव्हतं.

आणि कार्डावर काय, तर "तुमच्या निष्काळजीपणाने घरची माणसं आजारी पडली. आता तरी सुधारा." तीन रविवार ती हे वाचत होती आणि शिव्या खात होती. मिळून नऊ सह्या. तिच्या मुलीची धर्ममाता एर्मेलिंदा शेजारीच मिरच्या विकते, तीसुद्धा म्हणाली, "माझी आई याच आजाराने गेली. मी मारली का तिला? हो बाजूला, गिऱ्हाईक अडतंय."

चौथ्या रविवारी समोरच्या रांगेतल्या बाईच्या हातात निळं कार्ड दिसलं. "पुड्यात काय आहे ते कंपनी लपवते. ते कळणं तुमचा हक्क आहे." त्या बाईचे सह्यांचे चार कागद भरले होते.

"हिमेना, इकडे ये! कार्डं वेगळी कशी?"

"मुद्दाम, यूफ्रासियाबाई. कुठल्या बोलण्याने लोक वळतात ते मोजतोय. गुलाबीला कमी सह्या येणार, असा आमचा अंदाज होताच."

"आणि तो अंदाज खरा ठरवायला मला शिव्या खायला बसवलंस होय गं?"

"कायद्याच्या फायद्याचंच आहे हो…"

यूफ्रासियाच्या अंगाचा तिळपापड झाला. कार्ड टराटरा फाडून ती फेसाळल्या हातांनीच उभी राहिली.

"बायांनो, ऐका! अबुंदिओला साखरेने भरलेला तो पेरूचा रस मी पाजला. रोज दोन खोकी, अकरा वर्षं, याच हातांनी! मला वाचता येतं, पण कंपनीच्या त्या मेल्यांनी खोक्यावर वाचण्याजोगं काही छापलंच नव्हतं. ज्यांना निष्काळजी म्हणायचंय त्यांनी मला म्हणा!"

मग एर्मेलिंदाने हात पुसले. "आण तो कागद." तिच्यामागे बायकांची रांग लागली.

"या सह्या अभ्यासात घेता येणार नाहीत," हिमेना पुटपुटली. "तुम्ही कार्ड वाचलं नाहीत."

"अभ्यास घाल चुलीत! सह्या आमदाराकडे मी स्वतः नेईन."

"अबुंदिओला माहीत आहे?" एर्मेलिंदाने हळूच विचारलं.

यूफ्रासियाने परात अर्धी भरलेली तशीच सोडली. दुसऱ्या कोणाच्या तोंडून त्याला कळायच्या आत घर गाठायला हवं होतं.

अबुंदिओने सगळं ऐकून घेतलं.

"कंपनीने पैशासाठी लपवलं," तो म्हणाला. "तू कशासाठी?"

"तू रागावशील म्हणून."

"मग आता रागावू दे," तो म्हणाला आणि त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.