वालाच्या शेतावरून वळलेलं विमान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सुनेला नाही, देवीलाही नाही — वज्रेश्वरीला जाते, हात जोडते आणि भलतंच काहीतरी मागून परत येते. तुम्ही माझ्यासमोर बसलायत असं समजून लिहिते.

आमच्या पूर्णा गावात आता शेतं कमी, गोडाऊनं जास्त. आमचा एक तुकडा राहिलाय. भात निघालं की त्यात वाल टाकतो. त्या दुपारी मी शेंगा तोडत होते आणि वरून ते मालाचं छोटं विमान आलं.

आता माझ्या कानांचं आधी सांगते. अर्धं आयुष्य मी भिवंडीत लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या. तिथल्या खडखडाटात शेजारणीचं बोलणं ऐकू यायचं नाही, पण एखाद्या लूमचा ठेका चुकला की मला कळायचं. मिस्त्री मलाच विचारायचा, "मौसी, आज कौन बीमार है?" मी बोट दाखवायचे. तो उघडून बघायचा — बिघाड तिथंच असायचा.

तर, त्या विमानाचा ठेका चुकला. एकदा, दोनदा — मग आवाजच गेला. समोर गोडाऊन होतं, दाराशी कामाच्या बायका डबे खात बसलेल्या. विमान वळलं, त्यांना टाळून बाजूच्या मोकळ्या खाचरात आपटलं. आत चालवणारा एकटाच होता. तरुण होता. वाचला नाही.

कॅमेरेवाले येईतो चूक त्या पोराचीच, हे नाक्यावर ठरलंही होतं. शेजारचा बाळू म्हणाला, "काकू, मस्ती करीत व्हता ना त्यो? तू तं बगलंस." सगळे माझ्याकडे बघत होते. मला आयुष्यात कधी कुणी माईक धरून काही विचारलं होतं का? मी म्हटलं, हो, चक्कर मारत होता — आधी वळला, मग विमान बंद पडलं.

एवढंच. फक्त पुढचं मागे केलं. चौकशीला साहेब आले, त्यांनाही तेच सांगितलं.

पंधरा दिवसांनी त्या विमानातल्या मुलाची आई आली. माझ्याच वयाची. ओटीवर टेकली, पाणी अर्धंच प्यायली.

"ताई, माझा मुलगा असले खेळ करणारा नव्हता हो. तुम्ही नीट पाहिलंत ना?"

सून आत चहा टाकत होती. माझं टीव्हीवरचं बोलणं तिनं माहेरी सगळ्यांना दाखवलं होतं. तिच्यासमोर खोटी पडेन — एवढीच भीती. एवढीच, बरं का. मी म्हटलं, "पाहिलं ना, ताई."

तिनं उरलेल्या पाण्याचा पेला खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "असेल. लहानपणी होताच जरा खोडकर."

माझ्या शब्दावर तिनं आपल्या गेलेल्या मुलाला दोष दिला. मी समोर बसून ते ऐकलं — आणि चहा पुढे केला.

पुढे चौकशीत निघालं, इंजिनातला एक भाग हवेतच तुटला होता. पेपरात कोपऱ्यात बातमी आली. तिनं वाचली की नाही, ठाऊक नाही. जाताना ती कागदावर नंबर लिहून गेली होती, आणखी काही आठवलं तर कळवा म्हणून. तो कागद कुंकवाच्या डबीखाली आहे. मी कधी फोन केला नाही.

आठवायचं काय — सगळं लख्ख आठवतंय. आधी आवाज गेला. मग तो वळला.