संध्याकाळी जाणारं चित्र

सासऱ्यांचा टीव्ही रोज संध्याकाळी बंद पडायचा आणि रविवारी आम्ही गेलो की मुकाट्याने चालायचा. बाकी काही नाही. पण एवढ्याशा गोष्टीवरून गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात जे झालं, ते आठवलं की अजून माझं डोकं तापतं.

सासरे जर्मन, नवराही अर्थात जर्मनच, आणि मी पुण्याची. आम्ही जर्मनीत, हेर्त्सोगेनआउराख नावाच्या गावात राहतो. सासरे न्युर्नबर्गच्या कडेला एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, सासूबाई गेल्यापासून एकटेच. त्यांचं सगळं आयुष्य कारखान्यात साचे घडवण्यात गेलं. मी त्यांना ओपा, म्हणजे आजोबा, म्हणते, लेक म्हणते म्हणून. सासऱ्यांना ‘डू’ म्हणायचं, म्हणजे चक्क अरे-तुरे करायचं, ही इथली रीत माझ्या जिभेला कधी मानवली नाही. तोंडाने डू म्हणते आणि मनात अहो. इथे लिहिताना मात्र तुम्हीच म्हणणार.

झालं असं, की त्यांच्या इमारतीला बाहेरून थंडी अडवणारं आवरण बसवायचं ठरलं आणि बाल्कन्यांतल्या सगळ्या डिश उतरवल्या गेल्या. डिश गेली, राहिला तो टीव्हीखालचा जुना सॅटेलाइट रिसीव्हर. नवरा म्हणाला, इंटरनेटवरचा टीव्ही घेऊ. ओपा म्हणाले, नाही. त्या रिसीव्हरच्या रिमोटची बटणं त्यांच्या अंगठ्याला पाठ होती, अंधारातसुद्धा. शेवटी नवऱ्याने बोटाएवढा एक अडॅप्टर आणला. तो रिसीव्हरच्या मागे खोचायचा, त्याला खिडकीत ठेवायची छोटी अँटेना जोडायची, की मनोऱ्यावरून येणारी चॅनेलं त्याच जुन्या डब्यावर दिसतात. एक अख्खा रविवार त्यात गेला. आधी डबा अडॅप्टरला ओळखच देईना, म्हणून त्याचं सॉफ्टवेअर नवं केलं. मग एकही चॅनेल सापडेना. शेवटी मला मेनूत, पार तळाशी, अँटेनेला वीज देण्याचं बटण सापडलं. ते बंद होतं. चालू केलं आणि चित्र आलं, स्वच्छ. ओपांनी टाळ्या वाजवल्या आणि आम्ही केक खाऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन. चित्र गेलं.

तिसऱ्या दिवशी फोन. गेलं. चौकोन चौकोन होतात, आवाज तुटतो, मग निळा पडदा. नवरा फोनवरून सांगायचा, हे दाबून बघ, ते काढून परत लाव. काही उपयोग नाही. रविवारी जाऊन बघावं, तर टीव्ही ठणठणीत! ओपा रिमोट हातात घेऊन उभे, आणि पडद्यावर कोणीतरी बाई हसत हसत भोपळ्याचं सूप करतेय. असं एकदा झालं, दोनदा झालं, मग दर रविवारी व्हायला लागलं.

“संध्याकाळीच जातं,” ओपा म्हणायचे. “मी सांगतोय ना.”

आणि हे ‘संध्याकाळीच’ त्यांच्या मुळावर आलं. नवऱ्याने कुठेतरी वाचलं होतं, की म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ संध्याकाळी वाढतो. त्यात ओपा एकदा किल्ली घरात विसरून बाहेर पडले होते. मी महिन्यातून एकदा विसरते, पण मला कोण विचारतंय! ते वाचलेलं, ती किल्ली आणि हा टीव्ही, सगळ्याची गोळाबेरीज नवऱ्याने करून टाकली. पापा चुकीची बटणं दाबतो, नंतर त्याला आठवत नाही, पापा आता एकटा राहू शकत नाही. त्याच सुमारास आमच्या गावातल्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

“अरे, पण तू एकदा तरी संध्याकाळी जाऊन बघितलंस का?” मी विचारलं.

“फोनवर ऐकतो ना रोज,” तो म्हणाला.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर तपासते. आमच्याकडे एखादा दोष फक्त ग्राहकाकडेच दिसतो, आमच्या टेबलावर येत नाही, असं दर आठवड्याला होतं. म्हणून ग्राहकाला वेडा ठरवून कुठे ठेवून येत नाही आम्ही! नवरा वाईट नाही हो. घाबरला होता तो. आईच्या वेळी आपलं लक्ष नव्हतं असं त्याच्या मनाने घेतलं होतं, म्हणून बापाच्या बाबतीत तो आधीपासूनच धावत सुटला होता. हे मला कळत होतं, तरी राग यायचा तो यायचाच.

बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि एकटीच ओपांकडे गेले. पिशवीत तूरडाळ, हिंग, मोहरी. जेवायला राहणार, असं त्यांना फोनवर सांगून टाकलं होतं. कढीपत्ता न्यायचा प्रश्नच नव्हता, कारण माझं कढीपत्त्याचं झाड त्यांच्याकडेच असतं. आमच्या घराला ऊन नाही. दोन झाडं हिवाळ्यात मेल्यावर तिसरं ओपांनी मागून घेतलं. त्यांच्या दिवाणखान्याची खिडकी दक्षिणेला आहे. ते झाडाला मापाने पाणी घालतात, पानं ओल्या फडक्याने पुसतात आणि त्याला ‘इंडियन बाईसाहेब’ म्हणतात. नवऱ्याने त्यासाठी एक स्वस्तातला जांभळा दिवा मागवून दिला, घरात झाडं वाढवायला मिळतो तसला, टायमरवर लागणारा. समोरच्या इमारतीतल्या आजोबांनी ओपांना रस्त्यात गाठून विचारलं होतं, आता कायद्याने चालतं म्हणून तुम्ही पण गांजा लावला की काय? ओपा ही गोष्ट फार आवडीने सांगायचे. त्या दिवशी नाही सांगितली.

मी गेल्या गेल्या टीव्ही लावला. त्यांनी भुवया चढवल्या.

“दिवसा टीव्ही?” त्या घरात बातम्यांच्या आधी टीव्ही लावणं म्हणजे सकाळी उठून बिअर पिण्यासारखं.

“आज नियम मोडायचा. तो जाईपर्यंत मी इथून हलणार नाही.”

चित्र झकास. आम्ही कॉफी प्यायलो. बाहेर अंधारायला लागलं. ओपा कपाकडे बघत म्हणाले, “तू उगाच रजा घालवलीस. मी शुक्रवारी हो म्हणणार आहे.”

“काय?”

“मलाच कळेनासं झालंय. पोरगा म्हणतो मी चुकीचं दाबतो. मी दाबत नाही. पण मला आठवत नसेल तर मला कळणार कसं? आता गॅस बंद केला की परत जाऊन बघतो, परत जाऊन बघतो. मला वाटायला लागलंय की चित्र टीव्हीतून जात नाही, माझ्यातून जातंय.”

ज्या माणसाने केसाएवढ्या फरकासाठी अख्खा साचा मोडून पुन्हा केला, तो स्वतःच्याच घरात चोरासारखा बसला होता. मी उठले आणि कुकर लावला. नाहीतर रडले असते.

मी स्वयंपाकघरात होते तेव्हा ओपांची हाक आली. हाक कसली, ओरडलेच ते. धावत गेले. पडद्यावर चौकोन! आवाज तुटत तुटत गेला आणि निळा पडदा आला.

“दिसतंय?” त्यांनी माझा दंडच धरला. “तुला दिसतंय?”

“दिसतंय ओपा. गेलंय. माझ्यासमोर गेलंय.”

ते मटकन खुर्चीत बसले. आणि मी, खरं सांगते, आनंदाने टुणकन उडी मारायचीच काय ती बाकी ठेवली होती. दोष हाताला लागला होता!

मग मी पदर खोचला, म्हणजे स्वेटरच्या बाह्या वर केल्या. मेनूत गेले. सिग्नलची ताकद पूर्ण, दर्जा शून्य. अडॅप्टर काढून लावला, वायर घट्ट केली, अँटेनेची वीज चालू आहे ना ते पाहिलं, चॅनेलं पुन्हा शोधली. ढिम्म. ताकद आहे आणि दर्जा नाही, म्हणजे मध्ये कोणीतरी कालवा करतंय, इतपत कळत होतं. पण कोण? फ्रिज बंद केला. वायफाय बंद केलं. ओपा माझ्या मागे मागे, टॉर्च घेऊन.

कुकरची शिट्टी झाली. म्हटलं, आधी फोडणी टाकू, उपाशीपोटी डोकं चालत नाही. कढीपत्ता काढायला खिडकीशी गेले. त्या जांभळ्या उजेडात हिरवं पान कुठलं आणि पिवळं कुठलं, काही म्हणजे काही समजेना. वैतागून मी दिव्याच्या टायमरवरचं बटण बंद केलं.

पाठीमागून एक गृहस्थ रस्त्यावरच्या बर्फाबद्दल बोलायला लागले.

मी वळले. टीव्ही चालू होता.

“अगं बाई!” मी मराठीतच ओरडले. बटण चालू केलं. चौकोन, निळा पडदा. बंद केलं. गृहस्थ पुन्हा बर्फाबद्दल. अँटेना दिव्याला खेटून, त्याच खिडकीत, आम्हीच ठेवलेली. स्वस्त दिवा पेटला की त्याच्या विजेच्या डबीतून नुसता गोंगाट सुटत होता, आणि तो शेजारच्या अँटेनेत जात होता. टायमर दिवा लावायचा अंधार पडता पडता. रविवारी आम्ही त्याआधीच निघायचो, दुसऱ्या दिवशी लेकीची शाळा असते म्हणून. आणि ओपा टीव्ही लावायचे थेट बातम्यांना, तेव्हा दिवा कधीचा लागलेला असायचा.

ओपांना समजावून सांगावं लागलं नाही. ते आले, मला हलकेच बाजूला केलं आणि बटणावर स्वतःचं बोट ठेवलं. चालू, बंद, चालू, बंद.

“आल्झो,” ते म्हणाले. म्हणजे ‘असं आहे तर’. मग डोळे पुसले, लपवले नाहीत. “म्हणजे मी ठीक आहे.”

“तुम्ही ठीकच आहात. दिवा भिकार आहे.”

मी नवऱ्याला फोन केला आणि म्हटलं, असशील तसा नीघ. का ते सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर फोनवरच ‘बरं, छान’ म्हणून मोकळा झाला असता. लेकीला शेजारी सोडून तो आला, बिचारा घाबराघुबरा, बापाला काय झालं म्हणून. दारातच ओपांनी त्याला सांगितलं, कोट राहू दे, ये. त्याला खिडकीशी नेलं. टीव्हीवर आठच्या बातम्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या, स्वच्छ. मला वाटलं आता ओपा त्याला फैलावर घेणार. मी तर वाटच बघत होते.

ते म्हणाले, “हे बटण दाब.”

“हे काय—”

“दाब.”

त्याने दाबलं. दिवा लागला आणि बातम्यांचे चौकोन झाले. जांभळ्या उजेडात तो आपल्या बोटाकडे बघत राहिला, मग दिव्याकडे, आणि मग त्याला आठवलं असणार तो दिवा कोणी आणला ते. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

“गेलं?” ओपांनी विचारलं.

“गेलं, पापा.”

“तू काही चुकीचं दाबलंस?”

तो नकारार्थी मान हलवत राहिला. ओपांनी त्याच्या हातावरून हात नेऊन बटण बंद केलं, खुर्ची ओढून दिली, आणि मी पानं वाढली. आमटी गार झाली होती, कढीपत्ता घालायचा राहूनच गेला होता. नवरा कोट न काढता तिथेच बसला आणि बातम्यांनंतरचा हवामानाचा अंदाज संपेपर्यंत बापाशेजारून उठला नाही.