अलिबागचा दगड आणि मामांचा दोरा

माझ्या जुन्या निळ्या वहीतल्या एका पानावर ‘लाल औषध’ हे दोन शब्द इतक्या जोरात खोडले आहेत की कागद फाटला आहे. खोडणारी मीच.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. नगरच्या एका महाविद्यालयात मी प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेत असे. त्या वर्षी वर्गाची सहल अलिबागच्या किनाऱ्यावर नेली. नऊ मुलींना घरून परवानगी मिळाली नाही. त्यांनी कुणी तक्रार केली नाही. मला ते बघवेना. मी सांगून बसले, “तुम्ही नाही ना येत, मग समुद्र इथे आणून दाखवते.”

शब्द दिला की यादी करायची, ही माझी सवय. ॲसिडचे रिकामे बुधले सोडा घालून सात वेळा धुतले, त्यांत समुद्राचं पाणी भरलं. दोन दगड ओल्या पोत्यात गुंडाळले. एसटीच्या कंडक्टरला बुधल्यांत काय आहे ते तीनदा सांगावं लागलं. दगड साधे नव्हते. त्यांच्या भोकाभोकांत जीव होते: शिंपले, गोगलगायी, हिरवं शेवाळ, आणि प्रत्येकावर चार-चार समुद्रफुलं. समुद्रफूल हा प्राणीच. दगडाला चिकटून बसतो आणि पाण्यात शेवंतीसारखा उमलतो. मुलींना मला तेच दाखवायचं होतं.

दगड आम्ही काचेच्या टाकीत ठेवले. टाकीची देखभाल प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांकडे होती. मुळा नदीच्या काठच्या गावातले, पन्नाशीचे, कमी बोलणारे. उन्हाळ्यात टाकीचं पाणी रोज बोटभर आटे. मी यादीत लिहिलं होतं, बुधल्यातलं खारं पाणी घालणे. मामांनी ते वाचलं आणि साध्या पाण्याचा तांब्या ओतला.

“मामा, खारं घालायचं लिहिलंय ना?”

“बाई, आमटी आटली तर तुमी वरून पाणी घालता का मीठ?”

मी यादी दुरुस्त केली.

आठवड्याभरात पहिल्या दगडातून केसाळ अळ्या बाहेर येऊ लागल्या. मी ताबडतोब उपाय ठरवून वहीत लिहिला. टंचाईच्या त्या दिवसांत आमच्याकडे विहिरीत लाल औषध, आडात लाल औषध, भाजी धुवायलाही लाल औषध. किडीला याहून चांगलं काय असणार? दगड बादलीत ठेवला, पोटॅशियम परमँगनेटचे ते खडे टाकले, पाणी जांभळं झालं आणि मी समाधानाने घरी गेले. सकाळी अळ्या मेलेल्या होत्या. शिंपले, गोगलगायी आणि चारही समुद्रफुलंही मेली होती. तो वास पुढे दोन दिवस व्हरांड्यात होता.

मामा बादली रिकामी करताना एवढंच म्हणाले, “विहिरीत काय ऱ्हात न्हाई, म्हून तितं चालतं. हितं तर सगळा गावच ऱ्हात हुता.”

उरला एक दगड. त्याच्या तळाशी रोज सकाळी गोगलगायीचे फुटके शंख पडलेले दिसू लागले. मग एक समुद्रफूल कुरतडलेलं सापडलं, दुसऱ्या दिवशी आणखी एक. दोनच राहिली. मामांनी दगडाच्या एका भोकाकडे बोट दाखवलं. आत दोन बारीक नांग्या होत्या.

आमचे विभागप्रमुख टाकीशी येऊन उभे राहिले. “सोमवारी प्रात्यक्षिक आहे. तोवर यात काही जिवंत राहिलं तर ठीक. नाहीतर टाकी धुऊन बेडकांना द्या.” त्यांचं चुकत नव्हतं. पण त्या नऊजणी रोज दारातून विचारत होत्या, “बाई, कधी दाखवणार?” आणि वार होता शुक्रवार.

मी नवी यादी केली. चिमटा, तार, हातोडी, दगड बुडवायला गोडं पाणी. मामांनी ती उलटी करून टेबलावर ठेवली.

“दगड फोडायचा न्हाई, बुडवायचा बी न्हाई. खेकडा हाय ना? मग त्याला जेवायला बोलवू.”

दुपारी ते ज्वारीचं एक धाट, शिवायचा दोरा, पुडीत सुकट आणि घरची घोंगडी घेऊन आले. समुद्रातलं आमच्या बाजारात येणारं काय, तर सुकट नाहीतर बोंबील. विभागप्रमुख नाकाला रुमाल लावून म्हणाले, “मामा, ही प्रयोगशाळा आहे.”

“व्हय सर. म्हून तर करून बगतोय.”

मुळेच्या काठाला खेकडे असेच धरतात, ते मला तेव्हा कळलं. धाटाला दोरा, दोऱ्याला सुकट, भोकाच्या तोंडाशी ती सोडायची आणि बसायचं. खेकडा नांगीत धरतो आणि धरलेलं सोडत नाही. पण तो अंधाराशिवाय बाहेर येईना, म्हणून मामांनी भर दुपारी टाकीवर घोंगडी टाकली आणि स्वतःही तिच्यात शिरले. मीही त्यांच्या शेजारी चहाची गाळणी धरून आत बसले. आत चुलीपुढे बसल्यासारखं उकडत होतं. डोळे सरावेपर्यंत काही दिसत नव्हतं. मामा दोऱ्यावर बोट टेकवून होते.

पंचवीस मिनिटांनी ते पुटपुटले, “लागला.” मी झटकन गाळणी खाली घातली. पाणी डुचमळलं, दोरा सैल पडला.

“गेला,” मामा म्हणाले. “बाई, तुमी घड्याळ काढून ठिवा. त्याला कुटं तासाला जायाचंय.”

मी खरंच घड्याळ काढून पदराला बांधलं. पुन्हा सुकट, पुन्हा बसणं. या वेळी दोरा ताणला तेव्हा मामा ओढत नव्हतेच. खेकडा जेवढा येई तेवढंच धाट मागे घेत होते. भोकातून अर्धा आला, थांबले. पुरा आला, तरी थांबले. दगडापासून वीतभर सुटला तेव्हा त्यांनी कोपराने मला खूण केली. गाळणीत अंगठ्याच्या पेराएवढा केसाळ खेकडा होता आणि अजून सुकट सोडायला तयार नव्हता.

एवढ्याशा जिवापुढे इतका वेळ वाट पाहणारा माणूस मी आधी पाहिला नव्हता. माझी सगळी हुशारी काम उरकण्याची होती. मामांची, समोरच्याला काय हवं ते ओळखण्याची.

शनिवारी तसेच आणखी दोन निघाले. पण संपले हे कसं कळणार? मामांनी संध्याकाळी सुकटीचे चार तुकडे दगडाभोवती मांडले. रविवारी सकाळी आम्ही दोघंही आलो. चारही तुकडे जागेवर होते. समुद्रफुलं दोन.

सोमवारी मुली टाकीभोवती जमल्या आणि इतक्या गर्दीने दोन्ही फुलं मिटून लालसर गोळे झाली. मामांनी मुलींना दोन पावलं मागे घेतलं, खिडकी निम्मी लावली आणि हात मागे बांधून उभे राहिले. मीही उभी राहिले. या वेळी घड्याळाकडे पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने एक गोळा सैलावला. मग एकेक पाकळी बाहेर आली. मामांनी सुकटीचा कण सोडला आणि फुलाने तो अलगद कवेत घेतला.

मागच्या ओळीतली एक मुलगी हळूच म्हणाली, “मामा, समुद्रात सगळीकडे असंच असतं?”

“मला नको इचारू, पोरी. म्या बी पैल्यांदाच बगतोय.”

तिन्ही खेकडे मामांनी वेगळ्या बरणीत ठेवले होते. त्यांना आता बेडकांपुढे टाकायचं का, असं मी विचारलं, तेव्हा मामा म्हणाले की पाहुण्यांना आपणच जेवायला बोलावलंय, आता उठा कसं म्हणायचं? त्या दिवसापासून माझ्या रोजच्या यादीत एक ओळ वाढली: सकाळी खेकड्यांना सुकट, मामांच्या हाताने.